नवारीचा पट्टा

आमची धाकटी बहीण मोटारसायकलवर मागं बसलेली असताना तिला झटका आला तर काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात बारा वर्षं होता. आमच्याकडं त्याचं एकच उत्तर होतं, घट्ट बांधायचं. ते उत्तर चुकीचं होतं हे कळायला निढोरीच्या पुढं उसाच्या फडाकडेला पडावं लागलं.

'आम्ही' म्हणजे आम्ही दोघं भाऊ. या मजकुरात 'मी' कुठं येणार नाही. एकानं लिहिलं आहे, दुसऱ्यानं वाचून दोन ठिकाणी खोडलं आहे. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं हे आम्ही बाहेर कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही. घरात आम्ही दखनी बोलतो. लिहायला बसलो की मराठी येते, कारण शाळा मराठी. तेव्हा अम्मीचं, बहिणीचं बोलणं इथं मराठीत उतरलं आहे, हे वाचकांनी समजून घ्यावं.

घर नदाफाचं. अब्बांनी उभी हयात कापूस पिंजण्यात आणि गाद्या भरण्यात घालवली. यंत्र आलं तेव्हा त्यांची हातातली पिंजण भिंतीला टांगली गेली, ती अजून तिथंच आहे. पुढं फोमच्या गाद्या आल्या आणि यंत्रही अर्धा दिवस बंद राहू लागलं. आम्हांपैकी एक दुकानात बसतो, दुसरा हायस्कुलात क्लार्क आहे. पण दाभण, सुतळी, खोळ, नवार या वस्तू दोघांच्याही हातात पाटी-पेन्सिलीच्या आधी आल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं आम्ही जो घोळ घातला तो याच हातांनी.

धाकटीला पहिला झटका आला तो २००९ साली. सातवीत होती. सकाळी दारात भांडी घासत होती. आधी उजव्या हाताची बोटं नाचायला लागली. तिला वाटलं मुंग्या आल्या, म्हणून ती हात झटकू लागली. मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती पडली. गल्ली गोळा झाली. एकानं चप्पल नाकाला लावली, एकीनं कांदा फोडून आणला, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. आम्ही तिच्या दातांत चमचा घालायला निघालो होतो. (असलं काही करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, आजूबाजूचं टोचणारं-लागणारं बाजूला करायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा. तोंडात काहीही घालायचं नाही. आम्हांला हे कळलं तेव्हा तिचा एक दात आम्हीच हलवून ठेवला होता.) अम्मीनं मात्र यातलं काही केलं नाही. ती धावत आली ती आधी धाकटीचा परकर पायांवर ओढायला, आणि मग स्वतःची ओढणी तिच्यावर टाकून तशीच बसून राहिली.

दादी त्याला मिरगी म्हणायची, गाव फिट म्हणायचं, आम्ही घरात झटका म्हणू लागलो. दादीनं तिला मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात नेलं. या जाण्याला आम्ही हसत नाही. तिथं दादीच्या शेजारी बसलेल्या एका अनोळखी म्हातारीनंच सांगितलं, "दुवा मागितलीस, बरं केलंस. आता मिरजेत आलीच आहेस तर पोरीचा फोटोही काढून घे." मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉक्टर वॉनलेसांनी १८९४ साली तिथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून आजूबाजूच्या चार जिल्ह्यांचे रोगी तिथं जातात. मेंदूचा स्कॅन तिथंच झाला. डाव्या बाजूला वाटाण्याएवढा एक ठिपका आणि भोवती सूज.

तो ठिपका कशाचा हे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी अब्बांना सांगितलं आणि अब्बा खुर्चीतून उठले. डुकरात वाढणाऱ्या पट्टकृमीचं पिल्लू मेंदूत जाऊन बसलं आहे, असं ते वाक्य होतं. अब्बांना पहिला अर्धाच भाग ऐकू आला. "डॉक्टरसाब, आमच्या सात पिढ्यांत त्या जनावराचं नाव कुणी जेवणाच्या ताटावर घेतलेलं नाही." आवाज चढला होता. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी कागदावर चित्र काढलं. डुकराचं कच्चं मांस जो खातो त्याच्या आतड्यात लांबलचक कृमी होतो. मेंदूत तो तसा थेट जात नाही. पण त्या माणसाच्या शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात, ती पाण्यात जातात, भाजीच्या मळ्यात जातात, न धुतलेल्या हातावर राहतात. ती अंडी ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूत पिल्लू बसू शकतं. त्यानं मांस खाल्लेलं असो वा नसो. माळकऱ्यालाही होतं. न्यूयॉर्कमध्ये कडक धर्म पाळणाऱ्या यहुदी कुटुंबांत असे रोगी सापडले आणि १९९२ साली त्यावर लिहूनही आलं. डुक्कर त्यांनाही हरामच. "तुमच्या मुलीनं काही खाल्लं नाही," डॉक्टर म्हणाले, "कोथिंबीर खाल्ली असेल."

अब्बा गाडीत बसेपर्यंत कोथिंबीर, कोथिंबीर म्हणत होते. पण घरी आल्यावर त्यांनी दार लावून आम्हा सगळ्यांना बजावलं, यातला एक शब्द बाहेर गेला नाही पाहिजे. लोक चित्र बघत नाहीत, लोक फक्त नाव ऐकतात. नाव एकदा मोहल्ल्यात गेलं की पोरीचा रिश्ता तर सोडाच, आपल्या घरचं पाणी कुणी पिणार नाही. अब्बांचं सगळंच चुकीचं होतं असं आजही आम्हांला म्हणवत नाही. पण त्या रात्रीपासून घरात जे कायदे झाले त्यांनीच आम्हांला पुढं पाडलं.

पहिला कायदा, गोळ्या मुरगुडात घ्यायच्या नाहीत. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी वाचणार. तेव्हा दर महिन्याला कोल्हापूरहून आणायच्या. दुसरा कायदा, धाकटीनं वडापमध्ये बसायचं नाही. आमच्याकडं जीपगाडीत माणसं कोंबून नेतात त्याला वडाप म्हणतात. गुडघ्याला गुडघा लावून बसलेली सगळी माणसं गावातली, तिथं झटका आला तर संध्याकाळी बातमी चावडीवर. एसटीचंही तेच, फक्त माणसं थोडी लांबची. राहिली ती आमची मोटारसायकल. २००६ साली घेतलेली जुनी स्प्लेंडर. म्हणजे ज्या माणसाला अचानक शुद्ध जाऊ शकते, त्याला दोन चाकांवर बसवून न्यायचं आणि चार चाकांवर बसू द्यायचं नाही, असा आमचा हिशेब होता. तो कुणाला विचित्र वाटला नाही.

सुरुवातीला ती मध्ये बसायची. पुढं एक भाऊ, मागं दुसरा, आणि ती दोघांच्या मध्ये. डॉक्टरांना नेऊन दाखवण्याचे चार-सहा फेरे असे झाले. एकदा सिद्धनेर्लीजवळ तिला हलका झटका आला. मागच्यानं तिला काखेतून धरलं, पुढच्यानं गाडी कडेला घेतली, काही झालं नाही. आम्हांला त्या व्यवस्थेचा अभिमान वाटू लागला. पण दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकाच माणसाला बसवता येतं, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२८ वं कलम. २०१९ च्या दुरुस्तीत त्याला १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसनबंदी लागली. मुरगूड ते कागल कुणी विचारत नाही. कागलच्या पुढं हमरस्ता लागतो, तिथं शिट्टी वाजते. थांबवल्यावर "साहेब, बहीण आजारी आहे" म्हणायचं, तर कसला आजार हे सांगावं लागणार. तो शब्द तर बाहेर काढायचा नाही.

बसण्यावरूनही घरात वाद होता. आमच्याकडं बाईमाणूस एका बाजूला पाय सोडून बसतं. झटका येणारं माणूस तसं बसलं तर ते उशी घसरावी तसं घसरणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? दोन्हीकडं पाय टाकून बसली तर निदान मांड्यांची पकड राहते. अम्मीला ते पटेना. बुरखा वर जातो, बरं दिसत नाही. शेवटी सैल सलवार आणि वर गुडघ्याखाली येणारा बिनघेराचा कोट, असा तोडगा निघाला. घेराचं, लोंबणारं काही नको हे आम्हीच ठरवलं होतं. ओढणी चाकात जाऊन गळ्याला फास बसल्याचं कुणी ना कुणी ऐकलेलं असतंच. मागच्या चाकाला साडीगार्ड, धरायला कडी, पाय ठेवायला पायटा, या गोष्टी मागं बसणाऱ्यासाठी नियमानं सक्तीच्या आहेत. आमच्या स्प्लेंडरचा साडीगार्ड कुणीतरी काढून टाकला होता, तो आम्ही पुन्हा बसवून घेतला. हेल्मेट मात्र चालवणाऱ्याच्याच डोक्यावर. कायदा दोघांनाही सांगतो, आम्ही एकाचंच ऐकलं.

अम्मीच्या मनात काय होतं हे आम्हांला उशिरा कळलं. तिच्या माहेरच्या मौलानांनी तिला एक हदीस सांगितली होती. बुखारी शरीफमधली आहे, अनेकांना माहीत असेल. झटके येणारी एक काळी बाई रसूलुल्लाहांकडं आली आणि म्हणाली, मी पडते आणि माझं अंग उघडं पडतं, माझ्यासाठी दुवा करा. त्यांनी तिला दोन गोष्टी पुढं ठेवल्या, सब्र केलास तर जन्नत, किंवा तू बरी व्हावीस म्हणून दुवा. तिनं सब्र घेतला. पण एवढं मागितलं की पडताना माझं अंग उघडं पडू नये. तेवढी दुवा तिच्यासाठी झाली. अम्मी म्हणायची, रोगापेक्षा त्या बाईला कशाचं दुःख होतं बघा. आम्ही तेव्हा हे ऐकून सोडून दिलं होतं.

तर पट्टा. खाटेची जाड नवार घेतली. चार बोटं रुंद. ती दुहेरी केली, दाभणानं सुतळीचा टाका घातला, एकाला एक लागून, गादीच्या काठाला घालतो तसा. एक फेरा तिच्या कमरेभोवती, दुसरा चालवणाऱ्याच्या पोटाभोवती, आणि पुढं गाठ. अब्बांनी ओढून बघितला आणि म्हणाले, "बैल बांधला तरी तुटणार नाही." एवढी शाबासकी त्यांनी आमच्या गाद्यांना कधी दिली नव्हती. वरून कोट घातला की पट्टा दिसत नसे. सहा-सात वर्षं तो वापरला. झटके त्या काळात कमी होते. आधीच्या गोळ्यांनी तिच्या हिरड्या सुजल्या म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली, नंतरची तिला मानवली. ठिपका वाळून खडूच्या कणासारखा झाला होता. किडा मेला, पण जागा राहिली, असं डॉक्टर सांगत. त्या जागेमुळं गोळी सोडायची नाही. गोळ्या नीट घेतल्या तर दहातल्या सात रोग्यांचे झटके थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धाकटी त्या सातांतली होती. बी. ए. झाली, घरी शिकवण्या घेऊ लागली.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला. तो मिटायला पुढच्या वर्षाचा एप्रिल उजाडला. एसटीशी आमचा संबंध नाही असं आम्हांला वाटत होतं. पण दर महिन्याच्या गोळ्या कोल्हापूरहून आणणारा आमच्यातला क्लार्क एसटीनंच जायचा. नोव्हेंबर गेला. डिसेंबरात आठवडा असाच गेला, गाडीचं काम निघालं, एका लग्नाला जायचं होतं. घरात कुणीही धाकटीला विचारलं नाही की पाकिटात किती गोळ्या उरल्या. त्या गोळ्या आमच्या गल्लीपासून पाच मिनिटांवरच्या दुकानात मिळत होत्या.

पाकीट संपलं. तिनं सांगितलं नाही. दोन दिवस गोळी नव्हती, त्यात लग्नघरी रात्रभर जागरण. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची वेळ होती. "आज मी येते, बरं वाटतंय," म्हणाली. आम्ही पट्टा बांधला.

वेदगंगेचा पूल ओलांडून निढोरी मागं पडली. गळिताचा हंगाम. बिद्री, हमीदवाडा, कागलचा शाहू, तीन कारखान्यांचा ऊस या रस्त्यांवर फिरत असतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं होता आणि त्यावर गाणी लागली होती. तिची बोटं नाचू लागली तेव्हा तिला कळलं. तिला नेहमी आधी कळतं, पंधरा-वीस सेकंद मिळतात. ती ओरडली, "भाई, ठैरो." एकदा नाही, तीनदा. हेल्मेट, इंजिन, ट्रॅक्टरवरची गाणी. ज्याच्या हातात हँडल होतं त्याला ऐकू आलं नाही. बांधलेली नसती तर तिनं पुढं वाकून खांदा धरला असता, हे ती नंतर म्हणाली. पट्ट्यानं तिचे कोपर अंगाला आवळले होते, कारण त्या दिवशी थंडी म्हणून हात कोटाच्या आत होते.

मग उजवा पाय ताठ झाला आणि सायलेन्सरला टेकला. सगळं अंग उजवीकडं गेलं. मागं कुणी कलंडलं तर चालवणारा स्वतःचं वजन दुसऱ्या बाजूला टाकून सावरतो. पण पोटाला बांधलेलं माणूस कलंडलं की चालवणाराही तिकडंच ओढला जातो. गाडी कडेच्या मातीत घसरून फडाच्या बांधावर आडवी झाली. वेग तीसच्या आसपास असेल. मागून ट्रक नव्हता. याहून जास्त नशिबाबद्दल आम्ही बोलत नाही.

आम्ही दोघं बांधलेले पडून होतो. ती झटके देत होती आणि प्रत्येक झटक्यानं पट्टा पोटात रुतत होता. तिची पोटरी सायलेन्सरखाली. गाठ पुढं होती, पण अंगाखाली. फडात ऊसतोडीची टोळी होती, बीडकडची. त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही त्या एका कोयत्याच्या हिशेबानं मिळते. त्यातली एक बाई धावत आली. तिनं गाडी उचलायची वाट बघितली नाही. पट्टा बघितला, एक क्षण आमच्याकडं असं बघितलं की ते डोळे आम्ही विसरणार नाही, आणि कोयत्यानं नवार कापली. दाभणाचा दुहेरी टाका, एका घावात. मग धाकटीला कुशीवर केलं. कोट वर गेला होता. त्या बाईनं आपल्या खांद्यावरची वाकळ तिच्यावर टाकली आणि पुरुषांना म्हणाली, "तिकडं तोंड करा रे." एकजण चप्पल काढत होता, त्याला तिनं हातानंच मागं सारलं. तिच्या दिराला होतं, म्हणाली.

अम्मीला आम्ही हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं त्या टोळीच्या खोपीवर पाठवायला दोन गाद्या मागितल्या. नेऊन दिल्या. बाईचं नाव विचारायचं राहून गेलं, दुसऱ्या खेपेला गेलो तर टोळी हलली होती.

पोटरी भाजली होती. कुणीतरी टूथपेस्ट लावायला सांगितली, तीही लावली. ती धुऊन काढताना डॉक्टरांनी आम्हांला बरंच काही ऐकवलं. पण खरं बोलणं त्यांनी धाकटीशी केलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आम्हांला बाहेर बसायला सांगितलं. आधी का नाही सांगितलं असं आमच्या मनात आलं. आधी आम्ही कधी बाहेर बसलोच नव्हतो. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि तिनं स्वतः घातलेलं असं दोन्ही त्यावर होतं.

सहा महिने एकही झटका आला नाही तर मग मोटारसायकल, तोवर नाही. बांधायचं कधीच नाही. बसताना दोन्हीकडं पाय, हात बाहेर, मागं टेकायला कॅरिअरचा उंच दांडा. हेल्मेट तिलाही, पहिलं तिला. आदल्या रात्री झोप झाली नसेल किंवा गोळी चुकली असेल तर ती येणार नाही, आणि तिनं नाही म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही. रमजानात सहरीला उठून झोप मोडते, त्या महिन्यात गावाबाहेर गाडीवर नाही. (रोज्याबद्दल मौलानांना विचारलं. आजाऱ्याला सवलत आहे ती घ्यायलाच दिली आहे, म्हणाले. ती गोळीची वेळ सांभाळून जमतील तेवढे धरते.) आणि शेवटचं, बोटं नाचू लागली की ती चालवणाऱ्याच्या पाठीवर दोन बुक्क्या मारणार. दोन बुक्क्या म्हणजे काय झालं म्हणून मागं वळून बघायचं नाही, आरशात बघून गाडी कडेला घ्यायची, बंद करायची आणि तिला खाली बसवायचं. पंधरा-वीस सेकंद खूप असतात. बारा वर्षं ते तिच्याजवळ होते, आम्ही तिला कधी विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती स्वतः चालत गावातल्या मेडिकलमध्ये गेली. फडाकडेची बातमी तोवर गावात आलेलीच होती, लपवायचं काही उरलं नव्हतं. दुकानदारानं चिठ्ठी बघितली, गोळ्या दिल्या, आणि म्हणाला, "ताई, ही गोळी मुरगुडात किती घरांत जाते सांगितलं तर तुम्हांला खरं वाटणार नाही. नावं सांगत नाही." अब्बा हे ऐकून उठून आत गेले.

एक गोष्ट मात्र तिच्या कागदावर नव्हती, ती आमच्या मनात राहिली आहे. तिला स्कूटी शिकायची होती. शिकाऊ लायसनला जो नमुना एक भरावा लागतो त्यात पहिल्याच प्रश्नात विचारतात की मिरगी आहे का, अचानक शुद्ध जाते का. हो म्हटलं की संपलं. इंग्लंडात वर्षभर झटका आला नाही तर मोटार चालवायला देतात. आपल्याकडं वर्षं मोजत नाहीत. खोटं लिहून लायसन काढणारे आहेत, तिनं अर्ज आणला आणि कोराच ठेवला. मागं बसणाऱ्याला मात्र कुठलाच नमुना नाही, कुणी काही विचारत नाही. तो प्रश्न घरानंच विचारायचा असतो.

रिश्त्याचं थोडक्यात सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यात निपाणीकडचं एक घर आलं. अब्बांचं म्हणणं, निकाह होऊ दे, मग सांगू. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार झटके येणाऱ्याच्या लग्नाला आडकाठी होती, ती १९९९ च्या दुरुस्तीनं गेली. आपल्या १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात तर या रोगाचा उल्लेखच नाही. आमच्यातल्या क्लार्कनं हे सगळं अब्बांना वाचून दाखवलं. अब्बा म्हणाले, कायदा लग्नाला येत नाही, माणसं येतात. चहाचे कप आणून ठेवताना धाकटीनंच सांगून टाकलं, गोळीच्या नावासकट. कृमीचंही सांगितलं, कोथिंबिरीसकट. पाहुण्यांनी चहा पूर्ण घेतला, ते आम्ही मोजलं, आणि गेले. निरोप आला नाही. तिला रडताना आम्ही बघितलं नाही, अम्मीनं बघितलं असेल. त्यानंतर अब्बांनी लपवायचं नाव काढलं नाही. त्यांना पटलं म्हणून की थकले म्हणून, ते आम्हांला सांगता येणार नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या महिन्यापासून धाकटी कोल्हापूरला एकटी जाते. चढताना कंडक्टरला सांगते, मला फिट येतात, आली तर कुशीवर करा, तोंडात काही घालू नका. पहिल्या दिवशी आम्ही मोटारसायकलवर एसटीच्या मागं कागलपर्यंत गेलो होतो. तिनं खिडकीतून बघितलं आणि परत जा म्हणून हात केला.

गाडीवर ती अजून बसते, पण जवळच्या जवळ. पट्ट्याचे दोन तुकडे अब्बांनी फेकू दिले नाहीत, पिंजणीशेजारच्या खिळ्याला आहेत. गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळी सर पिराजीराव तलावाकडं निघालो होतो. रस्ता मोकळा, वारा होता. तलावाचं पाणी दिसू लागलं आणि पाठीवर दोन बुक्क्या बसल्या. आरसा बघितला, कडेला घेतली, इंजिन बंद केलं, स्टँड लावून तिला धरायला वळलो. ती आपली आपण उतरून उभी होती. दोन्ही हात शांत.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली, "थांबता का ते बघत होते."